ठाण्यातला छोटा धंदा आणि सोशल मीडिया: गिऱ्हाईक बोलायला लागतं तिथून सुरुवात

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर पाचपाखाडीतल्या एका काकूंनी माझ्या हातात त्यांचा फोन दिला. त्यांचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दोन बायका मदतीला असतात, आणि घरचाच एक भाचा 'ऑनलाइनचं सगळं' बघतो. तक्रार अशी की रोज पोस्ट टाकूनही ऑर्डर येत नाहीत. इन्स्टाग्राम उघडलं तर पोस्ट खरंच रोज होत्या. एकादशीच्या शुभेच्छा, अभियंता दिनाच्या शुभेच्छा, सुविचार, खाली कोपऱ्यात काकूंचा लोगो. मग मेसेज उघडले. ३८ मेसेज कोणी वाचलेच नव्हते. सगळ्यात जुना ११ दिवसांपूर्वीचा होता: 'चकली कशी दिली? घोडबंदरला पोचवता का?'

ऑर्डर आल्या होत्या, पण दाराशी उभ्या राहून कंटाळून निघून गेल्या होत्या.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या व्यवसायांसाठी मी हेच काम करते. फराळवाले, साड्यांची दुकानं, एक दातांचा दवाखाना, दोन योगवर्ग. बहुतेक जण सोशल मीडियाला फलक समजतात. एकदा टांगला की काम झालं. माझ्या अनुभवात तो दुकानाचा गल्ला आहे आणि गल्ल्यावर माणूस बसावा लागतो. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे. काकूंचंच उदाहरण शेवटपर्यंत धरते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

मोठ्यांकडून काय घ्यायचं

सोशल मीडियाचं नाव निघालं की लोक 'अमूल'च्या जाहिराती दाखवतात आणि म्हणतात, तसं काहीतरी करू. ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली ती मुलगी १९६६ पासून चालू घडामोडींवर कोट्या करते आहे, म्हणजे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून. आजही लोक ते चित्र एकमेकांना पाठवतात, कारण आवाज इतक्या वर्षांत बदललेला नाही आणि लोणी प्रत्येक चित्रात असतं. दुसरं उदाहरण मुंबई पोलिसांचं. डिसेंबर २०१५ मध्ये ते ट्विटरवर आले आणि सिनेमातले संवाद, मीम्स वापरून हेल्मेट आणि पासवर्डबद्दल बोलायला लागले. विनोद कितीही झाला तरी शेवटी सांगायचं ते सांगून होतं.

आपण घ्यायचं ते एवढंच: आवाज एक ठेवायचा आणि वस्तू नजरेआड होऊ द्यायची नाही. त्यांची कोटी उचलून खाली आपला लोगो लावणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपल्या दुकानाची पत्रकं वाटणं.

छोट्या दुकानदाराच्या बाजूने एक गोष्ट मात्र घडली आहे. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, आणल्या. त्याआधी पोस्ट मुख्यतः तुम्हाला फॉलो करणाऱ्यांनाच दिसायची. रील अनोळखी लोकांपुढेही जाते. म्हणून २०० फॉलोअर असलेल्या खात्याची रीलही कधी २० हजार लोक बघतात. त्यातले १९ हजार नागपूरचे निघाले तर काय करायचं, हा पुढचा प्रश्न.

आधी कागद, मग फोन

संध्याकाळी सात वाजता नौपाड्यातून कासारवडवलीला पार्सल पोचवणं म्हणजे काय असतं, हे ठाणेकराला मी सांगायला नको. म्हणून काकूंबरोबर पहिल्यांदा बसलो ते वही घेऊन. कुठे रोज पोचवता येईल? नौपाडा, चरई, पाचपाखाडी, वर्तकनगर. घोडबंदर रोड मंगळवारी आणि शुक्रवारी, तेही दुपारी चारच्या आत. मुलुंडला मुलाचं ऑफिस, त्यामुळे रोज सकाळी. ऐरोली-वाशी फक्त शनिवारी, सगळ्या ऑर्डर एकत्र करून.

मग पदार्थ. काकू १९ प्रकार करतात. मी म्हटलं, ज्यात पैसे सुटतात आणि जे प्रवासात मोडत नाहीत असे सहा सांगा. अनारसे त्या उत्तम करतात, पण दिवसाला पन्नासच होतात, मग त्यांची जाहिरात करून लोकांना 'संपले' सांगत बसायचं कशाला? अनारसे यादीतून काढले आणि जुन्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवले. काकू थोड्या नाराज झाल्या.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. खाण्याच्या व्यवसायाला, घरून असला तरी, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक बिलावर आणि प्रोफाइलवर असला की नवीन माणसाचा अर्धा संशय जातो. आधी नोंदणी, मग रील, हा क्रम उलटा करू नका.

गूगल मॅप्स, इन्स्टाग्रामच्याही आधी

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे टाळतात. पण 'जवळ फराळ कुठे मिळेल' असं शोधणारा माणूस पाकीट हातात घेऊन शोधत असतो. गूगलवर व्यवसायाचं प्रोफाइल फुकट उघडता येतं. नाव पाटीवर आहे तसंच लिहा. त्यात 'ठाण्यातील सर्वोत्तम फराळ' असं काही कोंबू नका, गूगल असं नाव अडवतं. प्रकार नेमका निवडा, खऱ्या वेळा टाका, आणि गणपती-दिवाळीला वेळा बदलल्या की तिथेही बदला. दुकान बंद सापडलेला माणूस आधी एक तारा देतो, मग घरी जातो. पडताळणीसाठी गूगल बरेचदा जागेचा व्हिडिओ मागतं. घरून काम करत असाल तर घराचा पत्ता लपवून फक्त पोचवण्याचा परिसर दाखवण्याची सोय आहे. बायकांनी ती जरूर वापरावी.

विकतचे रिव्ह्यू घेऊ नका. पन्नास पाचतारी रिव्ह्यू एकाच आठवड्यात, सगळ्यांची भाषा सारखी, हे शेजारच्या शाळकरी मुलालाही कळतं.

प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप बिझनेस

इन्स्टाग्रामवर खातं व्यवसायाचं करा, त्याशिवाय आकडे दिसत नाहीत. खात्याच्या नावाच्या रकान्यात नुसतं ब्रँडचं नाव न लिहिता 'चकली, फराळ, पाचपाखाडी ठाणे' हेही लिहा, कारण शोधताना तो रकाना वाचला जातो. वर तीन पोस्ट पिन करता येतात. पहिली दरपत्रकाची, दुसरी कुठे कधी पोचवतो त्याची (वहीतला तो कागद जसाच्या तसा), तिसरी काकूंचा चेहरा आणि दोन ओळी. बायोमधला दुवा थेट व्हॉट्सॲपचा. व्यवसायाच्या खात्याला सगळी फिल्मी गाणी वापरता येत नाहीत, त्यामुळे गाण्यावर बेतलेली रील आखू नका. कढईचा आवाज पुरतो.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि तरीही निम्मे दुकानदार साध्या व्हॉट्सॲपवर धंदा करतात. मग शाळेच्या ग्रुपमधले फॉरवर्ड, नणंदेचे फोटो आणि ऑर्डर एकाच रांगेत. वेगळं सिम घ्या. कॅटलॉगमध्ये वस्तू आणि दर भरा. ठरावीक उत्तरं साठवून ठेवा: आम्ही 'दर', 'पत्ता', 'पैसे' अशी तीन केली, एक तिरकी रेघ आणि शब्द टाकला की पूर्ण मजकूर येतो. लेबलं लावा: नवीन, पैसे आले, पोचवायचं, दिवाळी. रात्री दहानंतर आपोआप जाणारा निरोप ठेवा, पण तो माणसासारखा असू द्या. काकूंचा असा होता: 'आता स्वयंपाकघर बंद झालं. सकाळी आठला तुमचा मेसेज पहिला वाचते.'

ब्रॉडकास्ट यादी आणि ग्रुप यातला फरक मात्र नीट समजून घ्या. ब्रॉडकास्टमध्ये २५६ जण बसतात, प्रत्येकाला निरोप एकेकट्याला मिळतो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. म्हणून प्रत्येक डब्यात 'आमचा नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळचे दर आधी कळतील' अशी चिठ्ठी घालायची. ग्रुपमध्ये मात्र गिऱ्हाइकांचे नंबर एकमेकांना दिसतात. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये ओढणं हा उद्धटपणा आहे, आणि त्यातून एखाद्या बाईला अनोळखी फोन यायला लागले तर दोष तुमचा.

दाखवायचं काय

काकूंच्या स्वयंपाकघरातली आमची पहिली रील ११ सेकंदांची होती. सकाळी नऊची वेळ घेतली, तेव्हा त्यांच्या खिडकीत थेट ऊन नसतं पण उजेड भरपूर असतो. ट्यूबलाइट बंद केली, कारण तिच्या उजेडात तेल हिरवट दिसत होतं. पंखा आणि एक्झॉस्ट बंद. फोनची काच पदराने पुसली, त्यावर बेसनाच्या बोटांचे ठसे होते आणि भाच्याचे सगळे जुने फोटो धुकट का यायचे ते तेव्हा कळलं. फोन उभा धरला. पहिला शॉट सोऱ्यातून उतरणारा वेढा, वीतभर अंतरावरून. दुसरा, कढईतले बुडबुडे कमी होऊन चकली शांत होते तो. तिसरा, थंड चकली मोडल्याचा कटकन आवाज.

मध्येच काकू स्वतःशीच बोलल्या, 'मोहन जास्त झालं की तेलात विरघळते, कमी झालं की दात पडतो.' हे काही ठरवलेलं नव्हतं. तेच वाक्य आम्ही रीलवर मोठ्या अक्षरांत टाकलं. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने फोन बघणारा माणूस बहुतेक वेळा आवाज बंद ठेवून बघतो, त्यामुळे अक्षरं हवीतच. खाली मजकूर असा:

'भाजणीची चकली. अर्धा किलो ३२०, एक किलो ६२०. नौपाडा, चरई, पाचपाखाडीत रोज. घोडबंदरला मंगळवार-शुक्रवार. ऑर्डर व्हॉट्सॲपवर.'

त्या रीलखाली बायकांनी आपापल्या चकल्या का फसतात ते लिहायला सुरुवात केली. काकू दुपारभर उत्तरं देत बसल्या. कोणाची भाजणी जास्त भाजली गेली होती, कोणी पीठ गार पाण्यात भिजवलं होतं. चकली कशी करायची ते सांगितलं तर विकत कोण घेणार, अशी भाच्याला भीती. मी त्याला विचारलं, तू हे सगळं वाचून करायला बसशील का?

तर दाखवायचं ते हे: करताना होणारी गोष्ट, हात, आवाज, चुका आणि त्यांची कारणं. साड्यांच्या दुकानात घडी उलगडून पदर उजेडात धरायचा आणि मागची बाजूही दाखवायची. दातांच्या डॉक्टरांनी 'रूट कॅनॉलला किती वेळा यावं लागतं' याचं सरळ उत्तर द्यायचं. आठवड्याला दोन रील आणि तीन-चार स्टोरी पुरेत. रोजचा सुविचार बंद करा. तो टाकल्याने तुमचं काही वाढत नाही, फक्त आज काहीतरी केलं असं वाटतं.

इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी अनेकदा सांगितलं आहे की रील किती वेळ पाहिली गेली, किती लाइक मिळाले आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली, हे तीन संकेत फार महत्त्वाचे असतात. अनोळखी लोकांपर्यंत जायचं तर पाठवणं विशेष. मग रील करताना एकच प्रश्न विचारायचा: हे बघून बाई आपल्या बहिणीला पाठवेल का? 'दात पडतो' बहिणीला गेलं. अभियंता दिन कोणाला जाणार?

भाषेबद्दल थोडं. गिऱ्हाईक तुमच्याशी काउंटरवर ज्या भाषेत बोलतं तीच लिहा. नौपाड्यात मराठी चालेल, खारघर-सीवूड्समध्ये हिंदी-इंग्रजीची एखादी ओळ जोडावी लागेल. पण 'आम्ही आपल्यासाठी घेऊन आलो आहोत खास ऑफर' हे वाक्य कुठल्याच भाषेत कोणी बोलत नाही.

पंचांग समोर ठेवा

आपल्याकडचा बाजार सणांवर चालतो आणि सणाच्या दिवशी केलेली जाहिरात उशिरा झालेली असते. मोदकांची पोस्ट चतुर्थीच्या दोन आठवडे आधी, फराळाची तीन आठवडे आधी, कारण परदेशी पाठवणाऱ्यांना लवकर लागतो. पाडव्याच्या शोभायात्रेला गोखले रोड-राम मारुती रोडवर नऊवारी आणि फेटे दिसतात, ते शिवायला आणि विकायला सुरुवात महाशिवरात्रीच्या सुमारास. टेंभी नाक्याची नवरात्र, वाशीच्या बाजार समितीत एप्रिल-मेमध्ये भरणारा हापूसचा हंगाम, जूनमधल्या शाळा, श्रावणातले उपास. आपल्या धंद्याला यातले चार-पाचच लागू पडतात. ते निवडा आणि बाकीच्या दिवशी शांत बसा.

मेसेज, म्हणजे खरा गल्ला

आता त्या ३८ मेसेजकडे.

सगळ्यात आधी 'दरासाठी मेसेज करा' हे कायमचं बंद करा. यावर माझं दुकानदारांशी नेहमी भांडण होतं. त्यांना वाटतं, मेसेज आला की गिऱ्हाईक हातात आलं. उलट होतं. दर लपवला की महाग असणार असं धरून चालणारे लोक विचारतच नाहीत, आणि जे विचारतात त्यातले निम्मे दर ऐकून गप्प होतात. तुमचा वेळ गेला. दर उघड असेल तर मेसेज कमी येतात, पण जो येतो तो घ्यायला आलेला असतो.

उत्तर कसं द्यायचं, ते काकूंचं जसंच्या तसं देते. प्रश्न होता, 'चकली कशी?' भाचा उत्तर द्यायचा, '६२० किलो.' संभाषण संपलं. आम्ही बदललं:

'नमस्कार! भाजणीची चकली अर्धा किलो ३२०, एक किलो ६२०. तुमच्याकडे कुठे पोचवायचं? घोडबंदर असेल तर या शुक्रवारी चारच्या आत येतो, पोचवायचे ६० वेगळे.'

यात दर आहे, दिवस आहे, जादाचे पैसे लपवलेले नाहीत आणि शेवटी उत्तर देता येईल असा सोपा प्रश्न आहे. 'ताई', 'दादा' हे समोरच्याचं नाव कळल्यावर. प्रोफाइलवरच्या फुलाच्या फोटोमागे आजोबाही असतात.

कामाच्या वेळेत तासाभरात उत्तर, हा आमचा नियम. त्यासाठी दिवसभर फोन हातात नको. काकूंनी साडेदहा, दोन आणि सहा अशा वेळा ठरवल्या, आणि मधल्या वेळी भाच्याने फक्त 'दर' आणि 'पत्ता' ही साठवलेली उत्तरं पाठवायची. दोन दिवसांत ऑर्डर पक्की झाली नाही तर एकदा विचारायचं: 'शुक्रवारच्या फेरीत तुमची चकली धरू का?' एकदाच. तिसऱ्यांदा विचारणाऱ्या दुकानदाराला लोक ब्लॉक करतात.

पैशांचं: यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे ठाण्यात काही कमी नाहीत. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच डबा हलवायचा. 'पैसे परत देतो, हा क्यूआर स्कॅन करा' असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

तक्रार आली तर

इथे माझीच चूक सांगते. काकूंच्या आधी मी एका छोट्या केकवाल्यांचं काम बघत होते. एका बाईंनी पोस्टखाली लिहिलं की केक वाकडा आला आणि मुलाचं नाव चुकलं. फोटोही टाकला. मी म्हटलं, काढून टाका, नवीन लोक बघतील. कमेंट काढली. अर्ध्या तासात त्याच कमेंटचा स्क्रीनशॉट त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये होता आणि तिथून घोडबंदरच्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर. आता तक्रार वाकड्या केकची राहिली नव्हती, 'हे लोक तक्रारी पुसतात' अशी झाली होती. त्या महिन्यात त्यांच्या वाढदिवसाच्या ऑर्डर निम्म्यावर आल्या. दोन दिवसांनी माफी मागितली, तोवर कोणी वाचत नव्हतं.

तेव्हापासून मी हा क्रम पाळते. कमेंट राहू द्यायची. पहिल्या तासात तिथेच, सगळ्यांसमोर, छोटं उत्तर: काय चुकलं ते आपल्या शब्दांत, आणि 'तुम्हाला आता फोन करते' एवढंच. कारणं नाहीत, डिलिव्हरीवाल्याचं नाव पुढे करणं नाही. मग फोनवर बोलायचं, लिहून नाही, कारण लिहिलेल्यात सूर कळत नाही. काय देणार ते स्पष्ट सांगायचं: नवीन डबा किंवा पूर्ण पैसे, निवड त्यांची. झालं की परत त्याच कमेंटखाली येऊन लिहायचं, 'आज नवीन डबा पोचवला.' ही शेवटची ओळ बहुतेक लोक विसरतात, आणि तीच पुढचे वाचतात. शिवीगाळ किंवा जातीवरून काही लिहिलं असेल तर मात्र काढा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

वेबसाइट किंवा ॲपवरून विकत असाल तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियम माहीत हवेत: तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. छोट्या दुकानाने मात्र ४८ तासांची वाट बघू नये. मुंबई पोलिसांसारखा विनोद करावासा वाटला तर तो रागावलेल्या माणसाला उत्तर देताना करू नका.

इन्फ्लुएन्सर

'ठाण्यात कुठे काय खावं' सांगणारी बरीच खाती आहेत. फॉलोअरच्या आकड्यापेक्षा कमेंट वाचा: 'हे नक्की कुठे आहे?', 'पार्किंग आहे का?' असे प्रश्न असतील तर ते स्थानिक लोक आहेत. नुसते ज्वाळांचे इमोजी असतील तर सोडा. काय मिळणार, किती दिवसांत, व्हिडिओ तुम्हाला वापरता येईल का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

पैसे किंवा फुकट डबा दिला असेल तर पोस्टवर जाहिरात असल्याचं लिहिलंच पाहिजे. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये तशी नियमावली काढली आणि २०२२ मध्ये सरकारची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली. ग्राहक संरक्षण कायद्यात अशा जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. 'मधुमेह्यांनी बिनधास्त खावी' असं लाडवांबद्दल कोणी बोललं तर ती रील टाकूच देऊ नका.

पैसे देऊन जाहिरात

यातला ठाणेकरांचा खास घोटाळा म्हणजे वर्तुळ. जाहिरात कुठे दाखवायची ते नकाशावर पिन टोचून किलोमीटरने ठरवता येतं. कोपरीत पिन टोचून आठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं की ऐरोली आत येते, कारण वर्तुळाला खाडी कळत नाही. घोडबंदर रोडवरून काढलं की येऊरचं जंगल ओलांडून बोरिवलीत जातं. तिथल्या माणसाला जाहिरात दिसते, तो मेसेजही करतो, आणि मग कळतं की रस्त्याने घोडबंदरला वळसा घालून जावं लागेल. म्हणून एक मोठं वर्तुळ काढण्यापेक्षा दोन-दोन किलोमीटरची तीन लहान काढा आणि खाडीपलीकडचा भाग वगळा. वगळण्याची सोय आहे.

पोस्टखालचं 'बूस्ट' बटण सोपं आहे, पण सगळे पर्याय जाहिरात व्यवस्थापकात (ॲड्स मॅनेजर) मिळतात. संध्याकाळभर बसलात तर कळतं. जी रील पैसे न देता चालली तिच्यावरच पैसे लावा, न चाललेली पैसे लावून धावत नाही. बटण 'व्हॉट्सॲपवर मेसेज करा' हे ठेवा.

हिशेब काकूंच्या वहीतल्यासारखा करून दाखवते. समजा रोज ३०० रुपये, पाच दिवस: १,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी २७०. एकूण १,७७०. मेसेज ४१ आले, ऑर्डर १२ झाल्या. म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीचे साधारण १४८ रुपये. सरासरी बिल ९०० आणि त्यात सुटतात २७०, तर हातात राहिले १२२. मेसेज ४१ ऐवजी ४१० आले असते पण ऑर्डर बाराच, तर जाहिरात चांगली होती का? नाही, फक्त काकूंचा अंगठा दुखला असता. या बारांतले पाच जण पाडव्याला परत आले तर मात्र त्यांच्या दुसऱ्या ऑर्डरला जाहिरातीचा खर्च शून्य. तिथे पैसे सुटायला लागतात.

किल्ल्या आपल्याकडे

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्हींना दुहेरी पडताळणी लावा. 'तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत इथे लॉगिन करा' असा मेसेज आला तर तो चोराचा समजा. आणि खातं नेहमी तुमच्या ईमेलवर, तुमच्या नंबरवर उघडा. बाहेरच्या माणसाला काम दिलं तर पासवर्ड न देता पेजचा प्रवेश द्या, तो नंतर काढून घेता येतो. एका योगवर्गाच्या बाईंचं पेज त्यांच्या जुन्या एजन्सीच्या नावावर राहिलं. पैशांवरून वाद झाला, पेज गेलं. सहा वर्षांचे फोटो, रिव्ह्यू, सगळं.

रविवारची वही

आकडे ॲपमध्ये शेकडो असतात. काकूंच्या वहीत चारच: मेसेज किती, ऑर्डर किती, त्यातले जुने किती, आणि नवीन माणसाला आपण कसे कळलो. चौथा आकडा ॲप देत नाही, विचारावा लागतो. त्यातून कळलं की काकूंचे बरेचसे नवे लोक इन्स्टाग्रामवर रील बघून, गूगलवर रिव्ह्यू वाचून मग व्हॉट्सॲपवर आले होते. भाच्याला हे पटायला दोन रविवार लागले. लाइक आम्ही लिहीतच नाही.

त्या दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी काकूंनी स्टोरी टाकली: 'चकलीच्या ऑर्डर बंद. हात थकले.' सोबत सोऱ्या धुऊन उपडा ठेवलेला फोटो. उत्तरादाखल तीस-चाळीस मेसेज आले, बहुतेक 'पुढच्या वर्षी आमचं आधी लिहून ठेवा' असे. भाच्याने प्रत्येकाला 'दिवाळी' लेबल लावलं. भाऊबीजेनंतर काकूंनी ज्यांना डबे गेले त्यांना एकेक ओळ पाठवली, कोणती गोष्ट आधी संपली ते विचारलं. शंकरपाळे, असं निघालं. सहा पदार्थांच्या यादीत शंकरपाळे नव्हतेच.